शेपटीवाली अक्षरं

लग्नपत्रिकेवर लांब शेपट्या उडवत नाचणारी इंग्रजी अक्षरं पाहिलीत ना? तसंच एक अक्षरवळण म्हणजे ‘झापफिनो’.

जर्मनीचे सुलेखनकार हेरमान झाप्फ यांनी १९४४ साली आपल्या वहीत हे वळण काढलं होतं. पण तेव्हा छपाई शिशाच्या खिळ्यांनी व्हायची. खिळा म्हणजे चौकोनी ठोकळाच. शेजारच्या अक्षरावर झेपावणारी शेपूट त्यात मावणार कशी? पुढं कॉम्प्युटर आला, ठोकळा गेला. १९९८ साली झापफिनो बाजारात आलं, तेव्हा झाप्फ ऐंशीच्या उंबरठ्यावर होते!

तुमच्या वहीतला एक ‘त’ दुसऱ्या ‘त’सारखा हुबेहूब येतो का? नाहीच येत. म्हणून झाप्फ यांनी एकेका अक्षराची निरनिराळी रूपं काढली. मॅकिंटॉश कॉम्प्युटरवर या वळणात ‘झापफिनो’ हे नाव इंग्रजीत टाइप करा. सातवं अक्षर पडलं, की अख्खा शब्द एकदम नवं रूप घेतो. अगदी जादूच!

शीर्षक, भेटकार्ड, प्रशस्तिपत्रक यांवर ते शोभून दिसतं. पानभर मजकूर मात्र त्यात नको, वाचणारा दमेल. आणि सगळी अक्षरं कॅपिटल घेतलीत, तर नुसता शेपट्यांचा गुंता!