वाळूत मोटार नेताना: नवे टायर की कमी हवा?

थंड देशांत हिवाळ्याच्या प्रवासाला निघताना मोटारवाल्यांना एक प्रश्न पडतो. चाकांना साखळ्या घ्याव्यात, की बर्फाचे खास टायर बसवावेत? साखळ्या गरजेपुरत्या चढवायच्या, टायर मात्र सबंध हंगामभर ठेवायचे. आपल्या बेटावर बर्फ पडत नाही. नोकरीसाठी कतारमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही बर्फाची काळजी नाही. त्यांच्यापुढे हाच प्रश्न वाळूच्या रूपाने येतो.

दोह्याच्या दक्षिणेस खोर अल अदैद नावाची जागा आहे. तेथे समुद्राचे पाणी अरुंद वाटेने आत शिरून वाळूच्या टेकड्यांमध्ये पसरले आहे. पलीकडे सौदी अरेबिया दिसतो. २००८ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत तिचे नाव गेले. हिवाळ्यात कुटुंबेच्या कुटुंबे तेथे सहलीला जातात. मेसईद गाव आणि सीलाइनचा किनारा मागे पडला की डांबरी रस्ता संपतो. पुढे नुसती वाळू.

साखळीचा येथे उपयोग नाही. ती बर्फाला धरते, पण कोरडी वाळू उकरते आणि चाक आणखी खाली जाते. मग वाळूसाठी रुंद टायर विकत घ्यावेत का? जे दर आठवड्याला वाळवंटात जातात त्यांनी जरूर घ्यावेत. वर्षातून दोनतीनदा जाणाऱ्या कुटुंबाला तो खर्च नको. चारही चाके ओढणारी मोटार असली, टायर चांगले असले, तर त्यांतली हवा कमी केली की पुरते.

त्याचे कारण सोपे आहे. ओल्या शेतात बैलगाडीचे अरुंद चाक रुतते, रुंद चाक तरते. हवा कमी झाली की टायर पसरतो, जमिनीवर लांब टेकतो आणि मोटारीचे ओझे जास्त वाळूवर वाटले जाते. रस्त्यावर साधारण ३२ ते ३५ पौंड हवा असते. वाळूत ती १५ ते १८ पौंडांवर आणतात. फारच कमी केली तर वळताना टायर चाकावरून निसटतो.

ही युक्ती जुनी आहे. राल्फ बॅगनॉल्ड या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९२० नंतरच्या काळात इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात साध्या फोर्ड मोटारी नेल्या, त्या कमी हवेच्या आणि चाकांखाली घालायच्या लोखंडी पाट्यांच्या बळावर.

पण स्वस्त उपायाला शिस्त लागते. परतताना डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरलीच पाहिजे. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो. मग गाडीतली मुलेबाळे धोक्यात येतात. म्हणून हवा मोजण्याचे यंत्र आणि पंप बरोबर हवाच. टेकडीच्या माथ्यावर वेगाने जाऊ नये, कारण वाऱ्याच्या आडची बाजू एकदम उतरती असते. समुद्राजवळची सपाट खारी जमीन वरून टणक दिसते, पण खाली चिखल असतो. तिच्यावरून मोटार नेऊ नये. चाक रुतले तर जोर देऊ नये. फावड्याने वाळू काढावी, पाटे घालावेत आणि हळू बाहेर यावे. एकट्या मोटारीने तर कधीच जाऊ नये.

तेव्हा आपले कोणी नातलग कतारमध्ये असतील आणि नव्या टायरांचा विचार करीत असतील, तर आमचा सल्ला त्यांना जरूर कळवा: आधी पंप, पाटे, फावडे, भरपूर पाणी आणि सोबतीला दुसरी मोटार. टायरांचे मग पाहता येईल.