दट्ट्या झिजतो तेव्हा...

उत्तर कॅनडातील नुनावुत प्रदेशात गावांना परस्परांशी जोडणारे रस्ते जवळजवळ नाहीतच. हिवाळ्यात पारा उणे ३० अंशांच्या खाली उतरला, की शिकारीला, मासेमारीला किंवा शेजारच्या गावी जायचे तर बर्फावरून धावणारी स्नोमोबाइल हाच तेथील माणसाचा खरा आधार असतो. लॅपलँडमधील सामी पशुपालकही साठच्या दशकापासून रेनडिअरचे कळप याच वाहनावरून राखू लागले. अशा ठिकाणी वस्तीपासून पन्नास किलोमीटरवर इंजिन जाम झाले, तर प्रश्न केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा राहत नाही. तेवढे अंतर स्नोमोबाइल तासाभरात कापते. खोल बर्फातून ते पायी कापताना मात्र जीव धोक्यात येतो. म्हणूनच इंजिनातील पिस्टनची, म्हणजेच दट्ट्याची झीज वेळीच ओळखणे हे तेथे जगण्याचेच एक कौशल्य मानले जाते.

या वाहनाच्या जन्मकथेतही ही निकड आहे. क्वेबेकमधील व्हालकूर गावचे मेकॅनिक जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांचा दोन वर्षांचा मुलगा जानेवारी १९३४ मध्ये आंत्रपुच्छाच्या विकाराने दगावला. बर्फाने रस्ते बंद असल्याने त्याला रुग्णालयात नेता आले नव्हते. बर्फावर चालणाऱ्या वाहनाचे प्रयोग ते आधीपासूनच करीत होते. या आघातानंतर त्यांनी ते नेटाने तडीस नेले. त्यांची हलकी, एक-दोघांना वाहून नेणारी ‘स्की-डू’ १९५९ मध्ये बाजारात आली. पुढे या वर्गातील वाहनांत टू-स्ट्रोक इंजिन रूढ झाले, कारण ते वजनाने हलके, रचनेने सुटसुटीत आणि आकाराच्या मानाने भरपूर ताकद देणारे असते.

टू-स्ट्रोक आपल्याला अपरिचित नाही. जुनी बजाज चेतक, राजदूत, येझदी किंवा आरएक्स १०० ज्यांनी चालवली, त्यांना पेट्रोल भरताना मोजून ओतलेले टूटी ऑइल आणि मागे रेंगाळणारा निळसर धूर आठवत असेल. या इंजिनात पिस्टनला दुहेरी काम करावे लागते. वर जाताना तो वरच्या बाजूचे इंधनमिश्रण दाबतो आणि त्याच वेळी खालच्या क्रँककेसमध्ये नवे मिश्रण ओढून घेतो. खाली येताना तो सिलिंडरच्या भिंतीतील धूर जाण्याचा मार्ग उघडतो, मग नवे मिश्रण वर येण्याचे मार्ग उघडतो. चारचाकीच्या इंजिनासारखा खाली तेलाचा साठा येथे नसतो. इंधनाबरोबर किंवा स्वतंत्र पंपातून येणारे थोडेसे तेल, एवढेच काय ते वंगण. त्यातच फेऱ्यांचा वेग मिनिटाला ८,००० असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला १३० हून अधिक स्फोट होतात. पिस्टन झिजणे त्यामुळे अटळ असते. ती झीज किती आणि कशामुळे झाली, हे ओळखणे मात्र आपल्या हाती असते.

लक्षणे आणि चकवे

पहिली सूचना बहुधा कानाला मिळते. थंड इंजिन सुरू करताच खडखड असा कोरडा आवाज येतो आणि इंजिन तापल्यावर तो मंदावतो. पिस्टन आणि सिलिंडर यांतील फट वाढल्याने पिस्टन डोलतो आणि त्याचा खालचा घेर भिंतीवर आपटतो. तापल्यावर पिस्टन प्रसरण पावतो, फट कमी होते आणि आवाज दबतो. मात्र आवाज दबला म्हणजे दोष गेला, असे समजू नये. सुरू करण्याची दोरी पूर्वीपेक्षा सहज ओढली जाणे, इंजिन सुरू होण्यास वेळ लागणे, चढावर ताकद कमी पडणे ही पुढची लक्षणे होत.

तथापि ताकद कमी झाली की दोष पिस्टनचाच, असे नव्हे. स्नोमोबाइलमध्ये इंजिनाची शक्ती रबरी पट्ट्यामार्फत पुढे जाते. तो पट्टा झिजला किंवा क्लच बिघडला, तरी गाडी तशीच मरगळते. म्हणून इंजिन उघडण्यापूर्वी पट्टा तपासावा.

दाब मोजा, पण तेवढ्यावर थांबू नका

सर्वांत सोपी चाचणी कॉम्प्रेशनची. इंजिन थोडे गरम करून सर्व स्पार्क प्लग काढावेत, त्यांच्या तारा इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवाव्यात, दाबमापक बसवावा आणि थ्रॉटल पूर्ण उघडा धरून काटा स्थिर होईपर्यंत दोरी ओढावी. थ्रॉटल बंद राहिल्यास हवाच आत जात नाही आणि चांगले इंजिनही आजारी दिसते. योग्य आकडा कोणता, हे त्या इंजिनाच्या पुस्तिकेतच पाहावे. उंचीवर हवा विरळ असल्याने तोच आकडा कमी येतो. सुमारे २,६५० मीटर उंचीवरील गुलमर्गला, जेथे आपल्याकडचे अनेक पर्यटक या वाहनावर पहिल्यांदा बसतात, समुद्रसपाटीवरच्या आकड्याची अपेक्षा धरून चालणार नाही. म्हणून अधिक भरवशाची ती सिलिंडरांची आपसांतली तुलना. दोन सिलिंडरांतील फरक दहा टक्क्यांहून अधिक असेल, तर संशयाला जागा आहे.

येथेच अनेकजण फसतात. दाब धरून ठेवतात त्या रिंगा. पिस्टनच्या खालच्या घेराचा त्यात फारसा वाटा नसतो. रिंगा ठीक असतील, तर घेर बराच झिजूनही दाबाचा आकडा उत्तम येऊ शकतो. हा घेर एके दिवशी तडकला, की तुकडे क्रँककेसमध्ये पडतात आणि पिस्टनपुरते निभावले असते तेथे संपूर्ण इंजिन बाद होते. म्हणून दाबाइतकेच डोळ्यांनी पाहणेही महत्त्वाचे. हेड न उघडताही धुराचा पाइप काढून त्या वाटेने विजेरीच्या प्रकाशात पिस्टनची बाजू आणि रिंगा पाहता येतात. निरोगी पिस्टनवर बारीक आडव्या यंत्ररेषा दिसतात. त्या जागी उभे ओरखडे दिसले किंवा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत झालेला असेल, तर इंजिन उघडण्याची वेळ आली आहे.

पिस्टनवरच्या खुणा

उघडलेला पिस्टन जाणकाराला झिजेचे कारणही सांगतो. ओरखडे मुख्यतः धुराच्या बाजूला असतील, तर इंधन कमी पडून अथवा तेल अपुरे मिळून पिस्टन अतितप्त झाल्याचा संशय घ्यावा. थंड हवामानात हा धोका विशेष. शून्य अंशाच्या तुलनेत उणे ३० अंशांवरील हवा सुमारे १२ टक्के अधिक दाट असते. कार्बोरेटरचे जेट त्याप्रमाणे बदलले नाहीत, तर मिश्रणात इंधनाचे प्रमाण घटते.

घेरावर चार ठिकाणी, जणू चार कोपऱ्यांवर खुणा असतील, तर घाई झाली आहे. थंड इंजिन सुरू करून लगेच वेग घेतला, की ॲल्युमिनियमचा पिस्टन झपाट्याने फुगतो, पण गार पाण्याने वेढलेला सिलिंडर त्या गतीने फुगत नाही, आणि पिस्टन त्यात अडकतो. रिंगांच्या खाली तपकिरी-काळे डाग असतील, तर जळते वायू रिंगा चुकवून खाली निसटत आहेत. माथ्याची कड वाळूच्या माऱ्याने खाल्ल्यासारखी दिसली, तर इंधन अवेळी, धक्क्याने पेटत आहे. माथ्याचा एखादा भाग धुऊन काढल्यासारखा लख्ख असेल, तर शीतक द्रव आत गळत असावा. स्पार्क प्लगवर चंदेरी कण चिकटले असतील, तर ते पिस्टनचेच ॲल्युमिनियम होय. अशी गाडी पुढे नेऊ नये.

शेवटचा शब्द मात्र मापाचा. पुस्तिकेत सांगितलेल्या उंचीवर, गजनपिनच्या काटकोनात, मायक्रोमीटरने पिस्टनचा व्यास मोजावा आणि तो सिलिंडरच्या व्यासातून वजा करावा. नवी रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधील फट फीलर गेजने पाहावी. ७६ मिलिमीटर बोअरसाठी ती साधारण ०.३ मिलिमीटर असते. आपल्याकडे बिडाचा सिलिंडर बोअर करून मोठा पिस्टन टाकण्याची पद्धत होती. आधुनिक स्नोमोबाइलच्या सिलिंडरवर मात्र निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा पातळ, कठीण थर असतो. तो केवळ बोअर करून भागत नाही, थर नव्याने चढवावा लागतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कारण दूर केल्याशिवाय नवा पिस्टन टाकू नये. हवा गळती असेल, जेट चुकीचे असेल किंवा तेलाचा पंप कमी पुरवठा करीत असेल, तर नवा पिस्टनही जुन्याच्या वाटेने जाईल. हंगामाच्या प्रारंभी दाब मोजून वहीत नोंद करणे, धुराच्या वाटेने एकदा डोकावणे आणि निघण्यापूर्वी इंजिन पुरेसे तापू देणे, एवढी शिस्त पाळली तर बहुतेक संकटे घरच्या अंगणातच लक्षात येतात. पन्नास किलोमीटरवरच्या बर्फात ती लक्षात आली, तर हाताशी ना सुटे भाग असतात, ना उजेड.