कपाट क्रमांक सात

सकाळी ७.४५. तालुक्याच्या गावातलं 'ब' वर्गाचं वाचनालय. ग्रंथपाल बाई शटर वर ढकलतात. केर काढतात, वर्तमानपत्रं टेबलावर मांडतात. मग कालची परत आलेली पुस्तकं जागेवर. पगार महिना नऊ हजार. पुस्तकं वाचणं कामात धरलेलं नाही. सातव्या कपाटातलं मात्र बाईंनी बहुतेक सगळं वाचलंय. सातवं म्हणजे अद्भुत कादंबऱ्या.

८.३०. नाथमाधवांच्या 'वीरधवल'ची शिवण सुटलीय. कादंबरी १९१३ची, ही प्रत बरीच नंतरची, तरी पान दुमडलं की मोडतं. बाइंडर साठ रुपये मागतो, म्हणून बाईच बसतात. दाभण, दोरा, खळ. खळीत चिमूटभर मोरचूद, नाहीतर झुरळं पुठ्ठा खातात. पानांच्या कडा टेबलावर ठोकून सारख्या करायच्या, भोकं पाडायची, दोरा दोनदा ओढून घ्यायचा. वर दोन विटा. "सिंहगडावरून पडले, पाय गेले. त्यानंतर अंथरुणावर पडून लिहिलंय हे," बाई दोरा तोडत सांगतात.

९.४०. निवृत्त मास्तर 'स्वामी मुद्रिकांचा'चा पहिला खंड परत करायला आलेत. टोल्किनचं हे पुस्तक मुग्धा कर्णिकांनी मराठीत आणलं. मास्तर साठाव्या पानावर अडकले. "सर, वाढदिवसाची जेवणं तेवढी उरकू द्या. काळे स्वार रस्त्याला लागले की खाली ठेवणार नाही तुम्ही." मास्तर खंड पुन्हा पिशवीत घालतात. पुस्तक कुठे लंगडतं ते आधीच सांगणारी शिफारस मला छापील परीक्षणांत क्वचित भेटते.

११.००. शटर खाली. घरी भाकरी, धुणं.

दुपारी २.३०. मांडीवर अमीश यांची मेलुहाची कादंबरी, गेल्या महिन्यात देणगीत आलेली. हातात पेन्सिल. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या तुकड्यावर टिपण चाललंय: कुठे अडलं, कुणाला द्यावं, कुणाला देऊ नये.

५.१५. आठवीतली मुलगी. हॅरी पॉटरचे सातही भाग मराठीत वाचून झाले. "तसंच दुसरं द्या ना, बाई."

"त्यात तुला काय आवडलं? शाळा, जादू, की कोण माणूस?"

"हर्मायनी."

बाईंचा हात 'हॉबिट'कडे गेलेला असतो, तो थांबतो. त्या सगळ्या प्रवासात एकही बाई नाही. घोडा ओढून त्या वरच्या फळीवरून अर्सुला ले ग्विनचं 'द टूम्स ऑफ अ‍ॅटुआन' काढतात. १९७१चं, इंग्रजी. ही प्रत पुण्याच्या फुटपाथवर ऐंशी रुपयांना मिळाली, पैसे बाईंचेच. "शाळा नाही यात. जादूही थोडीच. तुझ्याएवढी मुलगी आहे, जमिनीखालच्या अंधारातल्या वाटा तिला हाताने चाचपून पाठ झाल्यात. इंग्रजी जमेल?"

"डिक्शनरी आहे घरी."

"मग सावकाश वाच. पंधरा दिवसांनी मुदत वाढवून देते." तारखेच्या चिठ्ठीवर शिक्का बसतो. मुलगी तिथेच, उभ्यानेच पहिलं पान वाचू लागते.

८.००. हिशेब. वर्गणी दोनशे, दंड चौदा रुपये. मग बाई फळ्यावर खडूने लिहितात: "मेलुहा. वेगवान. संवाद आजच्या बोलीत आहेत, पौराणिक भाषेची सवय असलेल्यांना खटकतील. शेवट ऐन प्रसंगात तुटतो, म्हणून दुसरा भाग हाताशी ठेवून सुरू करा." दुसरा भाग वाचनालयात नाही. बाई मागणीवही उघडतात, त्याचं नाव लिहितात आणि मागणी करणारा म्हणून स्वतःचा सभासद क्रमांक घालतात.