बिनबंदुकीची फौज

मैत्रिणींनो, १९१४ च्या महायुद्धात इंग्रजांनी आपल्या नगरला जर्मन लोक कैदेत ठेवले होते. आपल्या देशातून लोक बाहेरही गेले, पण सगळेच लढायला नव्हेत. भिस्ती, स्वयंपाकी, खेचरवाले, हमाल असे साडेपाच लाखांवर लोक भरती झाले. त्यांतले पुष्कळ आजच्या इराकात राबले.

चीनमधूनही सुमारे १ लाख ४० हजार मजूर फ्रान्सला गेले. खंदक खणायचे, जहाजं रिकामी करायची, युद्धानंतर न फुटलेले बॉम्ब उचलायचे. इंग्रजांच्या करारात मजुराला रोज एक फ्रँक आणि घरी दरमहा १० डॉलर, चिनी बरं का. घरचा पैसा थेट घरी, एवढं मात्र शहाणपणाचं.

बसऱ्याच्या युद्धस्मारकावर आपल्या साध्या शिपायांचीसुद्धा नावं कोरली नाहीत. नुसता आकडा लिहिला.