चौकटीबाहेरचे चरित्र : ‘भीमायन’ची पृष्ठरचना

चित्रकथेचे पान म्हणजे रेषांनी आखलेल्या चौकटींची मांडणी, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. एक चौकट म्हणजे एक क्षण आणि दोन चौकटींमधली कोरी पट्टी म्हणजे सरलेला काळ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र ‘अमर चित्र कथा’ या मालेत १९७९ मध्ये आले, ते याच पद्धतीने. दिल्लीच्या ‘नवयान’ या लहान, स्वतंत्र प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘भीमायन’ या इंग्रजी चित्रग्रंथाने मात्र ती चौकटच नाकारली. हा नकार केवळ सजावटीचा, की आशयातून उद्भवलेला, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

ग्रंथाची संहिता श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांची असून चित्रे दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची आहेत. परधान हे गोंडांचे परंपरागत कथागायक. पात्रांना चौकटीत कोंडावयाचे नाही, असा व्याम दांपत्याचा आग्रह होता. गोंडांच्या घरांत मातीच्या भिंतींवर व जमिनीवर ‘डिगना’ नावाची नक्षी रेखाटतात; तिचेच वळणदार पट्टे येथे पानाचे विभाग पाडतात. प्रसंग वेगळे होतात, परंतु एकमेकांपासून तुटत नाहीत.

या रचनेचा आशयाशी असलेला संबंध मूळ कथेकडे पाहिल्यास स्पष्ट होतो. आंबेडकरांच्या आत्मकथनपर टिपणांवर आधारलेल्या या ग्रंथाचे पाणी, निवारा आणि प्रवास असे तीन भाग आहेत. १९०१ मध्ये वडिलांकडे निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरतात. जात कळताच गाडीवाले पाठ फिरवतात. दुप्पट भाडे कबूल करूनही रात्रभर पाणी मिळत नाही. बडोद्यात उच्चविद्याविभूषित अधिकाऱ्याला राहावयास घर नाही. अस्पृश्यता ही मुळात जागेचीच आखणी आहे: कोणी कोठे उभे राहावे, कोठे पाणी प्यावे, कोठे निजावे. ज्या जीवनात प्रत्येक पावलाला कुंपण आहे, ते सांगणाऱ्या पानाने स्वतः कुंपण घालू नये, हे औचित्यच म्हणावे लागेल. तहानलेल्या भीमाचे धड येथे माशाचे होते. उपमान आणि उपमेय एकाच देहात नांदतात. त्यासाठी निराळी चौकट लागत नाही.

संवादाच्या फुग्यांचीही अशीच पुनर्रचना झाली आहे. सौम्य वाणीला पक्ष्याचा आकार, तर विखारी वाणीला विंचवाची नांगी. अक्षरे वाचण्यापूर्वीच बोलण्याचा दंश डोळ्यांना जाणवतो.

तथापि या संकेताला मर्यादाही आहे. मसूरचा स्टेशनमास्तर प्रथम आपुलकीने चौकशी करतो आणि मुले महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा पालटतो. एकाच मुखातील हे स्थित्यंतर पक्षी आणि विंचू या दोन टोकांमध्ये पुरते मावत नाही. जातीची क्रूरता पुष्कळदा सभ्य आवाजातच बोलते.

ही उणीव मान्य करूनही ‘भीमायन’चे महत्त्व कमी होत नाही. आदिवासी चित्रपरंपरेला तयार साच्यात बसविण्याऐवजी तिच्यासाठी साचाच मोडला गेला. येथे रूपबंध हा आशयाचा पेहराव नाही. तो त्याची बाजू घेऊन उभा आहे.