लडाखला जाताना कॅमेरा कोणता?

रावेतच्या सोसायट्यांमधून हल्ली लडाखची सहल वरचेवर निघते आणि पालक हाच प्रश्न विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: हप्त्यावर नवा कॅमेरा घेऊ नका. घरातला मोबाईल किंवा जुना कॅमेराच न्या; खर्च करायचाच तर जादा बॅटऱ्यांवर करा. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. द्रासला हिवाळ्यात पारा उणे वीसपर्यंत उतरतो. तिथे भरलेली बॅटरीही अचानक मान टाकते. ती आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवली की बरेचदा पुन्हा चालते. विमानात सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात.

खरी भीती उबदार खोलीची. बाहेरून आणलेल्या गार काचेवर लगेच दव धरतं. म्हणून आत शिरण्याआधीच कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि तासभर तरी उघडू नका. मुलांना हे आधीच बजावून ठेवा, कारण फोटो बघायची घाई त्यांनाच असते!

ट्रायपॉडचं ओझं नको. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे, अम्मी-अब्बांना जिना चढतानाही धाप लागते. पहिले दोन दिवस आरामच करा. मग बाजारातली सतराव्या शतकातली जामा मशीद निवांत टिपा. कारगिलमध्ये बायकांचे फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका.