पिशवीला गाठ मारण्यापूर्वी

इन्सुलिनच्या पेनला लावायची सुई चार ते आठ मिलिमीटर लांब असते. टोपण न लावता ती कचऱ्याच्या पिशवीत टाकली, की भाजीच्या देठांत आणि चहाच्या चोथ्यात दिसेनाशी होते. आमच्या सोसायटीत दारोदार कचरा घ्यायला येणाऱ्या ताई म्हणतात, "काच आली तर चमकते तरी, बाई. सुई टोचल्यावरच कळते." मग दवाखाना, इंजेक्शन, त्या दिवसाचा बुडालेला रोज. शिवाय ती सुई कोणी वापरली होती, त्याला काय आजार होता, ही धास्ती पुढे कितीतरी दिवस डोक्यातून जात नाही.

मी पुण्यात कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे. निवृत्तीनंतर सोसायटीच्या खताच्या हौदांची देखभाल माझ्याकडे आली आणि तेव्हापासून रोज सकाळी मी आमच्या इमारतीचा कचरा पाहते. कोणाच्या घरी पाहुणे येऊन गेले, कोण आजारी आहे, कोणाकडे बाळ आलं, हे सगळं त्यात दिसतं. आपण काय विकत घेतो, काय खातो, काय टाकून देतो हा ज्याचा त्याचा खासगी मामला आहे, असं आपण मानतो. पण पिशवी दाराबाहेर ठेवली, की तो खासगीपणा संपतो. पुढे तिला कोणाचा तरी हात लागतो. कोणाच्या तरी गावात तिचा ढीग होतो.

"माझ्या एकट्याने काय फरक पडणार?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडबद्दल कोणी असं विचारलं, तर उत्तर द्यायला मलाही वेळ लागतो. कचऱ्याच्या बाबतीत मात्र उत्तर अगदी सरळ आहे, कारण इथे परिणाम एकेका पिशवीपासूनच सुरू होतो. चाळीस घरांनी वर्तमानपत्रं, पुठ्ठे, बाटल्या कोरड्या दिल्या आणि एका घराने त्याच गाडीत आमटीची पिशवी टाकली, तर त्या आमटीने सगळा कागद भिजतो. ओल्या, तेलकट रद्दीला भंगारवाला भाव देत नाही. ती ताईंची त्या दिवसाची कमाई असते. म्हणजे एका घराच्या आळसाने बाकीच्या घरांची मेहनतही वाया जाते.

ओलं आणि सुकं एकत्र आल्यावर नेमकं काय होतं, ते सांगते. आपल्याकडच्या शहरी कचऱ्यात साधारण निम्मा भाग ओला असतो: साली, देठं, उरलेलं अन्न. तो मोकळ्या हवेत कुजला, तर जिवाणू ऑक्सिजन वापरून त्याचं खत करतात. त्यातून उष्णता, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तोच ओला कचरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मोठ्या ढिगाखाली दाबला, तर तिथे हवा पोचत नाही. मग वेगळ्या जातीचे सूक्ष्मजीव कामाला लागतात आणि मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट उष्णता धरून ठेवतो. वीस वर्षांचा हिशेब केला, तर जवळपास ८० पट. शिवाय मिथेन पेट घेतो. २०१६ च्या जानेवारीत मुंबईचा देवनारचा कचरा पेटला, तेव्हा त्याचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला होता. ढिगातून झिरपणारं काळं पाणी जमिनीत उतरतं ते वेगळंच.

त्या काळ्या पाण्याची किंमत पुण्यासाठी फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांनी मोजली आहे. अनेक वर्षं शहराचा कचरा तिथे जाऊन पडला. विहिरींचं पाणी खराब झालं, पिण्याच्या पाण्यासाठी टँकर आले. २०१७ च्या एप्रिलमध्ये तिथे आग लागली. गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि सुमारे तीन आठवडे शहरात जागोजागी ढीग साचले. मला आठवतं, तेव्हा शहरातली चर्चा बहुतेक आपल्या दुर्गंधीची होती. गावकऱ्यांच्या वाट्याला ती दुर्गंधी कायमचीच होती, हे फार थोड्या लोकांच्या बोलण्यात आलं. आपल्या घरचा कचरा दुसऱ्याच्या विहिरीत उतरू देण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो.

आणि हा सगळा व्यवहार ज्यांच्या हातांवर चालतो, त्यांच्याविषयी. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बहुतेक स्त्रिया दलित समाजातल्या आहेत. त्यांच्यातल्या कितीतरी कुटुंबांनी १९७२ च्या दुष्काळात गाव सोडलं. शहरात जमीन नाही, शिक्षण नाही, म्हणून हे काम पत्करलं. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने त्यांची संघटना उभी राहिली: कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. तोवर कचराकुंडीशी वाकलेली बाई म्हटली, की लोक तिच्याकडे चोर म्हणूनच पाहत. संघटनेने ओळखपत्रं मिळवून दिली आणि आम्ही शहराची सेवा करतो, हे महापालिकेला मान्य करायला लावलं. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही या कामगारांच्या मालकीची सहकारी संस्था आली. तिच्या सभासद महापालिकेशी झालेल्या करारानुसार दारोदार कचरा गोळा करतात. घराकडून मिळणारं मासिक शुल्क आणि विकलेलं भंगार ही त्यांची कमाई. म्हणून आपण सुकं कसं देतो, याला त्यांच्या घरी फार महत्त्व आहे.

सगळ्यात कठीण विषय सॅनिटरी पॅड आणि डायपरचा. याबद्दल सोसायटीच्या सभेत बोलायला लागले, तेव्हा काही पुरुष उठून बाहेर गेले आणि काही बायकांनी मान खाली घातली. मी बोलत राहिले, कारण हा लाजेचा विषय नाही, हा कोणाच्या तरी हातांच्या आरोग्याचा विषय आहे. आजच्या पॅडमध्ये वरचा थर प्लास्टिकचा, खालचा थर प्लास्टिकचा आणि मध्ये सोडियम पॉलिॲक्रिलेट नावाची पूड असते. पाणी शोषून ती भिजवलेल्या साबुदाण्यासारखी फुगते. या पॅडचं खत होत नाही. भंगारात त्याला भाव नाही. जाळायचं तर आठशे अंशांच्या वर तापमान लागतं. शाळेच्या मागच्या पत्र्याच्या डब्यात जाळलं, तर त्यातून फक्त विषारी धूर निघतो. आणि ते उघडं, गुंडाळी न करता ओल्या कचऱ्यात आलं, तर ताईंना ते हाताने वेगळं करावं लागतं. आमच्या ताई एकदा म्हणाल्या, "पाणी मिळालं नाही, की त्याच हाताने भाकरी खावी लागते."

'स्वच्छ'च्या कामगारांनी यासाठी एक साधी खूण सुचवली: कागदात नीट गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. न उघडता आत काय आहे ते कळतं. वापरलेले पॅड त्यांनी उत्पादक कंपन्यांना परत पाठवण्याची मोहीमही केली होती, आणि मला तिचा अभिमान वाटतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी नागरिकांवर जशी वर्गीकरणाची जबाबदारी टाकली, तशी पॅड आणि डायपर बनवणाऱ्यांवरही टाकली: पुनर्वापर होईल असा माल शोधा, नाहीतर प्रत्येक नगाबरोबर टाकण्यासाठी पिशवी द्या. दुकानात पाकीट उघडून पाहा आणि प्रत्येक नगाबरोबर अशी पिशवी मिळते का, ते तपासा. मिळत नसेल तर कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करा. मी करते.

माझ्या भाचीने मेन्स्ट्रुअल कप वापरायला सुरुवात केली. सिलिकोनचा हा कप नीट सांभाळला तर कित्येक वर्षं चालतो, आणि तेवढ्या काळातले शेकडो पॅड वाचतात. तिला तो सोयीचा वाटला. पण प्रत्येकीने तोच वापरावा, असं मी कधीच म्हणणार नाही. जिथे दहा घरांत एक नळ आणि एक संडास आहे, तिथल्या मुलीला कप उकळून घ्या, कापड उन्हात वाळवा, असा सल्ला देणं सोपं आहे. तिला तो पाळता येत नाही. पाणी आणि आडोसा या आधीच्या गरजा आहेत. ज्यांच्या घरी त्या भागलेल्या आहेत, त्यांनी मात्र बदलाचा विचार जरूर करावा. डायपरमधली घाण आधी संडासात टाकायला तर कसलीच अडचण नाही.

आता खताकडे येते, कारण इथे माझा जीव रमतो. ओल्या कचऱ्यात नायट्रोजन भरपूर आणि सुक्या पाल्यात कार्बन भरपूर. जिवाणूंना दोन्ही लागतात: एक भाग नायट्रोजनला पंचवीस-तीस भाग कार्बन. वास यायला लागला, की लोक घाबरून हौद बंद करतात. वास म्हणजे आत हवा कमी आणि ओल जास्त, एवढंच. दोन घमेली सुका पाला मिसळून ढीग खालीवर केला, की एक-दोन दिवसांत वास जातो. ढीग नीट चालला असेल, तर त्याचं पोट साठ अंशांपर्यंत तापतं; हिवाळ्यात सकाळी त्यातून वाफ निघताना दिसते. पांढऱ्या अळ्या दिसल्या तरी घाबरू नये, त्या आपलंच काम करत असतात. विरजण म्हणून मी आंबट ताक शिंपडते.

अडचण पाल्याची असते. ज्या शहरात खतासाठी पाला मिळत नाही, त्याच शहरात रोज सकाळी झाडलेला पाला रस्त्याच्या कडेला पेटवला जातो. उघड्यावर कचरा जाळला तर पाच हजार रुपये दंड करावा, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ च्या डिसेंबरमध्ये दिला आहे. तरी धूर चालूच आहे आणि दम्याचे रुग्ण खिडक्या लावून बसलेले आहेत. पुण्यात 'ब्राउन लीफ' नावाचा उपक्रम आहे. ज्यांच्याकडे पाला पडतो ते आणि ज्यांना तो हवा ते, त्यातून एकमेकांना गाठतात. आमच्या हौदांना लागणारी पोती अशीच शेजारच्या बंगल्यांतून येतात. घरी किंवा सोसायटीत खत करणाऱ्यांना पुणे महापालिका मिळकतकरात सवलत देते, तीही घ्यावी.

सुक्या कचऱ्याचं थोडक्यात सांगते. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका, लटकता ठेवा. तो चिमुकला तुकडा कोणी वेचू शकत नाही. तो गटारात आणि मग मुठा नदीत जातो. कोपऱ्यासकट पिशवी धुऊन दिली तर तिला भाव मिळतो. पाण्याच्या बाटलीच्या तळाशी त्रिकोणात १ हा आकडा असतो. त्या प्लास्टिकचा पुढे धागा होतो आणि त्यापासून कापड विणतात. वेफर्सच्या चकचकीत पाकिटाचं मात्र असं काही होत नाही. त्यात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते वेगळे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला ते घेत नाही. फार तर सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातं. अशा वस्तूंवर उपाय एकच, त्या कमी घ्या. वाण्याकडून सुटं घेता येतं तिथे सुटं घ्या.

काही मंडळी म्हणतात, हे सगळं नागरिकांच्या गळ्यात मारून कंपन्या आणि महापालिका मोकळ्या होतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. न विकता येणारं पाकीट बाजारात आणणारा पहिला जबाबदार, आणि वेगळा दिलेला कचरा पुन्हा एकाच गाडीत ओतणारा दुसरा. पण आपण वेगळा दिला नाही, तर त्या दोघांनाही जाब विचारता येत नाही. आमच्या भागात एकदा गाडीवाल्याने दोन्ही डबे एकत्र रिकामे केले, तेव्हा पन्नास घरांनी मिळून तक्रार केली. घरोघरी वर्गीकरण होत होतं, म्हणूनच ती तक्रार ऐकून घेतली गेली आणि गाडीत दोन कप्पे झाले. वैयक्तिक सवयीचा मला दिसलेला सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे: ती पाळणाऱ्या माणसाला हक्काने बोलता येतं.

वाचकांना माझी एक विनंती आहे. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय लेखी द्या: कचरा घेणाऱ्या कामगारांना वर्गीकरणासाठी सावलीची जागा, हात धुवायला साबण आणि नळ, आणि वॉचमनसाठी असलेलं शौचालय वापरण्याची परवानगी. याला खर्च जवळपास काहीच येत नाही. आमच्याकडे ठराव एका सभेत मंजूर झाला आणि नळ त्याच आठवड्यात बसला.